आधी अट लिही

जवळ या. अजून थोडं सरका. एवढ्या लांब भिंतीला टेकून बसलात तर मला ओरडून सांगावं लागेल, आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. किती दिवसांनी उगवलात! आणि आल्या आल्या घड्याळ काय बघता? चहा उकळेपर्यंत तरी ते मनगट खाली ठेवा. बरं, मला आधी एक सांगा. तुम्ही कधी कुणाला पीठ पुसताना पाहिलंय?

मळताना नव्हे. पुसताना.

माझ्या त्या शेजारणीची आठवण काढायला बसले की पहिल्यांदा तिचा चेहरा येतच नाही, उजवा तळवा येतो. लाकडी काथवटीत ज्वारीचं पीठ पातळ पसरलेलं. त्यावर बोटाने काढलेली गणिताची एक ओळ. ती ओळ तोंडाने वाचून झाली की तळवा सपाट करून ती हलकेच पिठावरून फिरवायची. ओळ गेली. पीठ कोरं. मग पुढची ओळ. शेवटचं उत्तर आलं की तेही पुसायची, पाणी घालायची आणि मळायला घ्यायची. अख्खं बीजगणित आम्ही असं भाकरीत घालून खाल्लं.

"आधी अट लिही," ती म्हणायची. "मग गणिताला हात लाव."

तिचं नाव सांगत नाही. वसाहतीत तसंही तिला नावाने कुणी हाक मारत नव्हतं. कुणाची सून, कुणाची बायको, आणि पोरांची गणितवाली वहिनी. मी नुसतं वैनी म्हणायचे.

खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी वीजघराच्या माणसांची घरं होती. डोंगरावरून पाण्याचे भले मोठे नळ सरळ खाली उतरायचे, आणि आमच्या खोल्या त्यांच्या पायाशी रांगेने. पाळी बदलली की भोंगा व्हायचा. तिच्या माणसाची आणि माझ्या माणसाची पाळी बहुतेक एकच असायची, आणि आमच्या दोघींच्या चुलींमध्ये एकच भिंत होती. मी खालापूरकडच्या भातशेतीवाल्यांची पोर. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढचं वाचायला मी वाण्याच्या पुड्या सोडून शिकले. ती घाटावरची. चांगली शिकलेली, मॅट्रिकच्या वर्गापर्यंत. पण मॅट्रिक नाही. परीक्षेच्या तोंडावर लग्न ठरलं, आणि पेपरांच्या दिवसांत ती हळद लावून बसली होती. हे तिने मला हसत सांगितलं. दुसऱ्यांदा कधी सांगितलं नाही.

आता तिची सासू. ती तिला आत्याबाई म्हणायची, मी आजी. आजीला नदीच्या घाटावर पडल्यापासून कमरेखाली काही उरलं नव्हतं. खाट स्वयंपाकघराच्या लगत, मध्ये नुसतं पडद्याचं दार. एकदा घरातली सगळी कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली. आजीच्या उशाशी ताट ठेवलं होतं. खिडकीतून कावळा आत आला, खाटेच्या कडेवर बसला आणि सावकाश भाकरी खाऊन गेला. आजीचा हात ताटापर्यंत पोचत होता, पण भीतीने उचलला गेला नाही. "माझ्याकडं बगून खाल्लन् गं त्यानं," ती मला सांगायची. "जसं काई मी न्हाईच."

त्या दिवसापासून म्हातारीला एकटं राहवेना. सुनेचा आवाज सतत कानावर पाहिजे. बांगड्या, भांडी, भाकरीची थाप. आवाज जरा थांबला की पडद्यामागून हाक यायची.

"हाईस का?"

"आहे, आत्याबाई."

पुन्हा थोड्या वेळाने, "हाईस का?"

"आहे."

दिवसभर. तुम्ही म्हणाल, काय छळ! पण म्हातारी दुष्ट नव्हती हो. ती घाबरलेली होती. दुष्ट असती तर सोपं होतं, भांडता आलं असतं. ह्या दोन हाकांच्या मध्ये माणूस जेवढं लांब जाऊ शकतं, तेवढीच माझ्या शेजारणीची दुनिया. म्हणजे उंबऱ्यापर्यंत. पाणी मी आणून द्यायचे, बाजार तिचा नवरा शिळफाट्यावरून आणायचा. नवरा तसा गरीब माणूस. काहीही विचारा, म्हणायचा, "बघू या." कधी नाही म्हणाला नाही आणि कधी काही केलं नाही.

मी विरजण मागायला गेले होते, तेव्हा पहिल्यांदा ते पीठ बघितलं. म्हटलं, "वैनी, ही रांगोळी का काय?"

"गणित आहे."

"पिठात? वही नाय का मिळत?"

"वही घेऊन बसले की हात थांबतात," ती हळूच म्हणाली. "हात थांबले की हाक येते. पिठात हात असला की आवाज चालू राहतो."

तेवढ्यात आतून, "कोन आलंय गं? आनि भाकरीचं काय झालं?"

"मळतेय, आत्याबाई!" आणि तिने तळवा फिरवून ओळ पुसली.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी खाली बसले. म्हटलं, "मला शिकव."

"कशाला?"

"तू शिकतीस म्हनून."

ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग बोटाने पिठात लिहिलं. वर बारा, मधे आडवी रेघ, रेघेखाली क्ष, आणि बरोबर तीन. "बारा भाकऱ्या आहेत. काही माणसांत सारख्या वाटल्या, प्रत्येकाला तीन आल्या. माणसं किती?"

"चार," मी म्हटलं. ह्यात काय शिकायचं? पंक्तीला वाढलेलं होतं की मी.

"चार ते कळलं. कसं कळलं ते सांग."

आता आली का पंचाईत! मग तिने सांगितलं. हा क्ष रेघेखाली अडकलाय. छेदात. जोवर खाली आहे तोवर त्याला धरता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना त्यानेच गुणायचं, मग तो वर येतो. बारा बरोबर तीन क्ष. आता मोकळा झाला, आता काढा त्याला.

"एवढंच?"

"एवढंच नाही. त्याला वर काढायच्या आधी एक अट लिहून ठेवायची. खाली जे आहे ते शून्य नाही. बारा भाकऱ्या शून्य माणसांत वाट बघू."

मी विचार केला. "मानसंच नसतील तर वाटायच्या कुनाला?"

"हेच. ते गणित चुकीचं नाही, ते गणितच नाही. म्हणून आधी अट."

आणि पडद्याआडून आजी, "आगं, बारा भाकऱ्या कुनाला घालतीस? घरात आपन तीन मान्सं!"

हळूहळू वसाहतीतली पोरं येऊ लागली. उंबऱ्याबाहेर बसायची, ती उंबऱ्याच्या आत काथवट घेऊन. गणितं अवघड होत गेली. एक गणित तिचं फार लाडकं. पोरांना ती ते मुद्दाम घालायची, आणि सगळी त्यात पडायची. मला अजून पाठ आहे:

क्ष/(क्ष − ३) = २ + ३/(क्ष − ३)

तुम्हीही करून बघा. दोन्ही बाजूंना क्ष वजा तीनने गुणा. क्ष बरोबर दोनदा क्ष वजा सहा अधिक तीन. सरळ चालतं, कुठे अडत नाही. उत्तर येतं, क्ष बरोबर तीन. पोरं ओरडायची, "तीन! वहिनी, तीन!"

"घाला तीन मूळ गणितात."

पोरं घालायची. तीन वजा तीन. रेघेखाली शून्य.

"कुठं चुकलं?" एखादं विचारायचं. "पायरी तर एकबी चुकली न्हाई."

"चुकलं नाहीच," ती म्हणायची. "उत्तर चूक नाही. घेता येत नाही, एवढंच." आणि तळवा फिरवायची.

ह्या वाक्याचा मला राग यायचा. चूक नाही तर का घ्यायचं नाही? मी चिडून म्हणायचे, "तुजं गनित म्हंजे लगीन ठरवून मोडल्यासारखं हाय." ती नुसती हसायची.

आजी ऐकून ऐकून इतकी तयार झाली, की कुणी पोर गडबड करायला लागलं की आतून हुकूम सुटायचा, "आदी अट लिही रं भाड्या!" तिला अट म्हणजे काय ते अजिबात माहीत नव्हतं. पण तिचा आवाज ऐकून पोरं दचकून अट लिहायची.

गावात मुलींची शाळा होती. तिथल्या मोठ्या बाई एकदा हा प्रकार बघायला आल्या. उंबऱ्यावर बसून सगळं ऐकलं आणि जाताना म्हणाल्या, "तू मॅट्रिक हो. मी तुला दुसऱ्या दिवशी वर्ग देते."

बाई गेल्या. माझी शेजारीण कितीतरी वेळ काथवटीत बोट धरून बसली होती, काही न लिहिता. आतून दोन हाका आल्या तरी तिला ऐकू गेल्या नाहीत. तिसऱ्या हाकेला मीच ओरडले, "हाय, आजी, हाय!"

तिला ती परीक्षा हवी होती. आता कुणालाही दिसत होतं. बाहेरून बसून देता येत होती, केंद्र कर्जतला. खोपोलीहून कर्जतला गाडी होतीच. अडचण ती गेल्यावर घरात काय, एवढीच.

मग सगळ्यांनी उपाय काढायला घेतले. नवरा म्हणाला, "आईला थोडे दिवस मोहोपाड्याला ताईकडे ठेवू या." ताई म्हणजे त्याची बहीण. छान उपाय. पण आजी म्हणाली, "जाईन की. ही येनार असंल तर जाईन." म्हणजे सासूला सांभाळायला सून मोहोपाड्याला, मग परीक्षेला कोण जाणार? दुसरा उपाय, ताईनेच इकडे यावं. ताई म्हणाली, येते, पण माझ्या पोरांचं, घरच्यांचं तिथं कोण करील? वहिनीला तिथे पाठव. झालं! प्रत्येक उपाय दिसायला नीट, आणि आत घालून बघावा तर ती स्वतःच त्यातून नाहीशी झालेली. ती प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "छेद शून्य."

शेवटी मीच म्हटलं, "मी बसते आजीपाशी."

आजीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू बडबडतीस लई."

"मग बरं हाय की. आवाज पायजे ना तुमाला?"

म्हातारी विचारात पडली. मग म्हणाली, "एक डाव. एकच डाव सोडीन."

मार्चात पेपर झाले. गावातल्या दोन मुली चालल्या होत्या, त्यांच्याबरोबर ती सकाळच्या गाडीने जायची. मी माझं काम आटपून तिच्या चुलीपाशी. पहिल्या दिवशी थोडा वेळ गेला आणि हाक आली, "हाईस का?"

"हाय, आजी."

"तू हाईस. ती कुटं हाय?"

"यील संध्याकाळी."

मी भाकऱ्या थापायला घेतल्या, म्हटलं आवाजाने तरी गप्प बसेल. कसलं काय! आमचा हात तांदळाच्या भाकरीचा. उकड काढून, पाण्याचा हात लावून, मऊ मऊ थापायची. ज्वारीची थाप कोरडी, खणखणीत. म्हातारी आतून म्हणाली, "ह्यो आवाज तिचा न्हाई. तू भाकरी थापतीस का पोरगं निजवतीस?" मला इतकं हसू आलं! मग मी ज्वारीचं पीठ घेतलं आणि धबाधबा थापलं. भाकरी फाटली, पण आजीला झोप लागली.

असे सगळे पेपर पार पडले. बीजगणिताच्या दिवशी ती परत आली तेव्हा आजीपाशी तिच्या लेकाला बसवून मी पुलापर्यंत सामोरी गेले. लांबूनच कळत होतं. चालत नव्हती हो, तरंगत होती. म्हणाली, "सगळं सुटलं. आणि ते आलं होतं गं! आपलं लाडकं! आकडे वेगळे, पण तेच!"

निकाल लागला. बाकी सगळं पार, बीजगणितात गेली.

वसाहतीत कुणाचा विश्वास बसेना. जिने अर्ध्या वसाहतीला बीजगणित शिकवलं ती बीजगणितात! मोठ्या बाई स्वतः आल्या, तिला समोर बसवून विचारलं, पेपरात काय काय लिहिलंस? ती सांगू लागली, आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

काय केलं होतं माहितीये? इतकी वर्षं ती एका ओळीवर दुसरी ओळ लिहीत आलेली, मधली पुसत आलेली. काथवटीत मावते तेवढीच ओळ. परीक्षेत बसली, गणित वाचलं, आणि बोट बाकावर फिरायला लागलं. बाकावर ओळ काढायची, तळव्याने पुसायची, पुढची काढायची. पायऱ्या सगळ्या तोंडातल्या तोंडात. कागदावर फक्त शेवट. आणि त्या लाडक्या गणितापुढे तिने काय लिहिलं? "उत्तर नाही." तपासणाऱ्याला वाटलं असेल, बाईला येत नाही म्हणून प्रामाणिकपणे लिहिलंय!

"रीत कुठंय? रीतीला गुण असतात, बाई!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी सगळी रीत म्हटली हो," ती म्हणाली. "तोंडाने म्हटली. त्यांना ऐकू गेली नाही."

आधी मी हसले, मग मोठ्या बाई, मग ती स्वतःच. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही. आतून हाक आली, "हाईस का?" ती बोलली नाही. आजीने पुन्हा हाक मारली नाही. म्हातारीने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी आजीने मला खाटेपाशी बोलावलं. "परत देता येती का गं ती परिक्षा?"

"ऑक्टोबरात येती. त्यो एकच पेपर द्यायचा."

"मग देऊ दे. तिला म्हनावं, पुसू नगं."

आता आमची उलटी शाळा सुरू झाली. ती विद्यार्थीण, आम्ही मास्तर. पोरांनी पाठकोरे कागद आणले. ती गणित लिहायची, पहिली पायरी लिहायची, आणि तळवा आपोआप कागदावर जायचा. पोरं ओरडायची, "पुसू नको, वहिनी!" शाई पसरायची, तळवा निळा व्हायचा. आतून आजीचा आवाज सगळ्यांच्या वर, "पुसू नगंस गं! हात बांदून ठिवा तिचे!" आणि कागदावर लिहिताना घरात आवाज नसायचा ना, तर आजीने स्वतःच तोड काढली. खाटेवर बसून पितळी पेल्यावर चमचा वाजवत राहायची. म्हणाली, "मीच आवाज करते. तू लिही." त्या दिवसांत 'हाईस का'ची हाक फार कमी झाली.

भादवा सरताना तिचा हात बसला. पायरीखाली पायरी, अट सगळ्यांत वर, कुठेही बोट न लागलेली. मोठ्या बाई बघून म्हणाल्या, आता अडत नाही.

आणि पेपरच्या आधी आजी पडली तापाने. छातीत घरघर. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, म्हातारं शरीर आहे, काही सांगता येत नाही, जवळ राहा. नवरा म्हणाला, "बघू या."

त्या सकाळी मी लवकर गेले. ती न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून तयार होती. पेन रुमालात गुंडाळून कमरेला खोचलेलं. बाहेर भात पिकून पिवळं झालं होतं, माझ्या माहेराहून कापणीचे निरोप येत होते, आणि मी ते सोडून हिच्यापायी थांबले होते. खाटेवरून आजी म्हणाली, श्वास तोडत, "जा तू. ही हाय."

"जा, वैनी. मी हाय ना."

ती उंबऱ्यापर्यंत गेली. गाडीला वेळ होता. उंबऱ्यावर उभी राहिली, मग बसली. पिशवी मांडीवर. मला वाटलं, चप्पल घालतेय. ती नुसती बाहेर बघत होती, स्टेशनच्या दिशेने.

मी जवळ गेले. "काय गं?"

"घालून बघतेय," ती म्हणाली.

"काय?"

"मी गेले. पेपर लिहिला, न पुसता लिहिला. पास झाले. शाळेत वर्ग मिळाला. सगळं बरोबर येतं." तिने मान वळवून आत बघितलं. "आणि आत्याबाईंनी इथं हाक मारली, आणि शेवटची हाक तीच झाली. तर?"

"मी देईन की ओ! मी हाय म्हनीन!"

"तुझा आवाज त्यांना ओळखू येतो गं."

मी रागावले. हात धरून ओढलं तिला. म्हटलं, म्हातारी सवता जा म्हनती, नवरा आडवत नाय, मी बसलेय, मग तुला कोन धरून ठेवलंय? सांग ना, कोन?

ती म्हणाली, "कुणी नाही. उत्तर चूक नाहीच." आणि पुढचं वाक्य बोललीच नाही. मला माहीत होतं ते.

गाडीची शिट्टी ऐकू आली. आम्ही दोघींनी ती ऐकली. मग ती उठली, आत गेली, पेन फळीवर ठेवलं, आणि काथवट पुढे ओढली. चांगल्या लुगड्याचा पदर खोचून भाकरी थापू लागली.

"हाईस का?" आतून आलं. अगदी बारीक.

"आहे, आत्याबाई."

म्हातारी म्हणाली, "गाडव हाईस," आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

आता पुढचं ऐका, आणि माझ्यासारखं चिडू नका. आजी त्या तापातून उठली. उठली आणि चांगली बरीच वर्षं जगली! वीजघरात नवे साहेब आले नि गेले, माझी पोरं मोठी झाली, आजी आपली खाटेवर. दिवसातून एकदा तरी म्हणायची, "त्या दिशी गेली असतीस तर बरं झालं असतं बग." आणि शेजारीण म्हणायची, "हो ना, आत्याबाई." दोघी हसायच्या. मला हसू येत नसे.

पुढच्या मार्चात का नाही दिली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. मार्चात तिला दिवस गेले होते. मग मूल लहान. मग मुलाला गोवर. मग नुसतंच "पुढच्या खेपेला". कुणी नको म्हणत नव्हतं, आणि ह्याचीच पंचाईत होती. पुढे शाळेची पुस्तकं बदलली, नवं गणित आलं. पोरं नवी पुस्तकं घेऊन यायची, ती उलटसुलट करून बघायची, म्हणायची, "अटीला आता वेगळ्याच खुणा करतात." तेही शिकून घेतलं आणि शिकवलं. तिच्या उंबऱ्यावरून किती पोरं पास झाली, मी मोजली नाहीत.

एकदा मात्र मी तिला गाठलं. आजी दारात ओढलेल्या खाटेवर ऊन खात बसली होती, टुणटुणीत. मी म्हटलं, "वैनी, म्हातारी मेली नाय. तुजी अट खोटी निघाली. मग त्ये उत्तर घ्यायचं होतं का नाय?"

तिने पिठावरची ओळ पुसली. म्हणाली, "अट आधी लिहायची असते गं. उत्तर आल्यावर नाही."

त्या वाक्याशी मी अजून मनात भांडते. तुम्हाला सुचलं तर सांगा.

आजी गेली ती दुपारच्या जेवणानंतर, शांतपणे. "हाईस का?" म्हणाली, "आहे" ऐकलं, आणि गेली. सून हाताच्या अंतरावर होती. त्यानंतर किती दिवस माझी शेजारीण घरात एकटीच असली तरी मधेच "आहे" म्हणायची. भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं. कधी कधी मीच भिंतीवर थाप मारायचे, म्हणजे तिला वाटावं की कुणी विचारलं.

मग नवरा निवृत्त झाला, खोली सोडायची वेळ आली. ते घाटावर गावी निघाले. टेंपोत सामान भरलं. तिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, मांडीवर काथवट. एवढ्या वर्षांनी ती उंबरा ओलांडून आली आणि टेंपोत जाऊन बसली, तर रस्त्यावरची माणसं बघत होती, ही कोण नवी बाई. मोठ्या झालेल्या पोरांपैकी एकजण ओरडला, "वहिनी, पुसू नका!" सगळे हसले. तीही.

मी काचेपाशी उभी. बोलायचं खूप होतं, आणि माझ्यासारख्या बडबडीच्या तोंडून एवढंच निघालं, "वैनी, हाईस का?"

"आहे," ती म्हणाली.

टेंपो घाटाच्या रस्त्याला लागला. तिने काचेबाहेर हात काढला, तळवा सपाट करून डावीकडून उजवीकडे फिरवला. निरोप घेत होती, की सवयीने पुसत होती, मला कळलं नाही. वळणावर टेंपो नळांच्या आड गेला.

नंतर एक-दोनदा खुशाली कळली. मग तीही कळेनाशी झाली. ती आहे की नाही, हे मी कुणाला विचारत नाही. विचारलं तर उत्तर येईल.

उठलात? बसा हो, एवढा चहा प्या. आणि आता मधे इतके दिवस घालवू नका. लवकर या. पुढच्या वेळी मुलांनाही आणा, बीजगणितात अडत असतील तर नक्की आणा. वही नको. काथवट आहे, पीठ आहे. अट मी लिहून ठेवते.